बागेचें पंचांग

शेतकरी असो वा माळी असो, त्याच्या कामाचें यश हातांच्या कष्टाइतकेंच वेळेच्या निवडीवर अवलंबून असतें. उत्तम बीं, सकस माती आणि भरपूर पाणी हीं तिन्ही साधनें हाताशीं असूनही पेरणीची वेळ चुकली तर वर्ष वायां जातें. उलट साध्या बियाण्यानेंही वेळ साधली तर परसांतील वेल पाहतां पाहतां मांडव झांकून टाकतो. म्हणूनच मनुष्यानें जेथें जेथें माती हातीं घेतली, तेथें तेथें ‘काय लावावें’ या प्रश्नाच्या आधीं ‘केव्हां लावावें’ हा प्रश्न त्याच्यापुढें उभा राहिला.

आपल्या प्रांतांत या प्रश्नाला दोन उत्तरें मिळालीं. पहिलें उत्तर नक्षत्रांचें. तें फार जुनें आणि कोणा एका मनुष्याच्या नांवावर नसलेलें. दुसरें उत्तर एकोणिसाव्या शतकांत सरकारी वनस्पति-उद्यानांतून आलें. तें छापील, महिन्यांच्या रकान्यांत बसविलेलें आणि अधिकाऱ्यांच्या सहीनें दिलेलें. ठाणें, कल्याण, भिवंडी, मुरबाड या खाड्यांच्या आणि भातखाचरांच्या मुलखांत हीं दोन्ही उत्तरें समोरासमोर आलीं. कोठें त्यांचें जमलें, कोठें बिनसलें, आणि एके ठिकाणीं तर त्यांतून सरकार व रयत यांमध्यें मोठा वाद उत्पन्न झाला. ज्या घरांच्या गॅलरींत आज चार कुंड्या आहेत, त्या घरांनाही हा इतिहास उपयोगीं पडण्यासारखा आहे.

प्रथम नक्षत्रांकडे पाहूं. सूर्य वर्षभरांत सत्तावीस नक्षत्रांतून फिरतो, म्हणजे एका नक्षत्राच्या वांट्याला तेरा-चौदा दिवस येतात. रोहिणी मे महिन्याच्या २५ तारखेच्या सुमारास लागते, मृग जूनच्या ७-८ तारखेस, आर्द्रा २१-२२ तारखेस; पुढें पुनर्वसु, पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा असा पाऊस मोजीत मोजीत सप्टेंबरच्या अखेरीस हस्त येतो आणि ऑक्टोबरांत चित्रा व स्वाती येऊन पावसाळ्याचा हिशेब पुरा होतो. उत्तर कोंकणांतील कुणबी, आगरी, वारली, ठाकूर यांचें वर्ष याच साखळीवर बांधलेलें असे. रोहिणींत राब भाजून झालेला, मृगांत भाताचें बीं पडलेलें, आर्द्रा-पुनर्वसूंत लावणी चाललेली, हस्त-चित्रांत हळवें भात कापणीस आलेलें, आणि खाचरांतील ओल पुरती सुकण्यापूर्वीं त्यांत वाल टाकलेला. परसदारींही हाच क्रम. मृगाच्या सरी पडल्या कीं घराभोंवतीं आळीं करून दुध्या, पडवळ, दोडका, घोसाळीं, कारलीं, काकडी यांचें बीं लावावयाचें, आणि सांडपाण्याच्या वाटेवर अळूचे कंद बसवावयाचे. यासाठीं कोणी पुस्तक उघडीत नसे.

या पंचांगांत एक सूक्ष्म गोष्ट आहे. नक्षत्रांचें वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षां किंचित् मोठें असल्यामुळें सूर्याचा नक्षत्रप्रवेश सुमारें ७२ वर्षांनीं एक दिवस पुढें सरकतो. म्हणजे ज्या काळीं हे आडाखे प्रथम बसले, त्या काळचा मृग आणि आजचा मृग यांत बऱ्याच दिवसांचें अंतर पडलेलें आहे. तरीही शेतकऱ्याचें अडलें नाहीं. कारण तो नक्षत्राचें नांव घेई, पण पेरणी करी ती आभाळाकडे आणि जमिनीच्या ओलीकडे पाहून. नक्षत्र हें त्याचें स्मरणाचें साधन होतें, त्याची बेडी नव्हती.

मात्र या जुन्या ज्ञानाला एक मर्यादा होती. जीं झाडें आपल्या पूर्वजांनीं पिढ्यान्‌पिढ्या हाताळलीं, त्यांच्याविषयींच तें बोलत असे. सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांनीं वसई, साष्टी, ठाणें हा टापू घेतला आणि त्यांच्या जहाजांबरोबर मिरची, पेरू, अननस, काजू, पपई अशीं अमेरिकेंतील झाडें या किनाऱ्यावर उतरलीं. गोव्यांत राहणारा वैद्य गार्सिया द ओर्ता याचा भारतीय औषधींवरील ग्रंथ १५६३ सालीं गोव्यांत छापला गेला. मुंबई बेट त्याच्याकडे खंडानें होतें, आणि तेथील आपल्या एका आंब्याला वर्षांतून दोनदां फळ येतें असें त्यानें लिहून ठेवलें आहे. नव्या झाडांसाठीं नक्षत्रांचा आडाखा नव्हता, आणि सल्ला देणारें सरकारी खातेंही नव्हतें. लोकांनींच तीं लावून पाहिलीं, मेलीं तीं सोडलीं, जगलीं तीं वाढविलीं. आणि कालांतरानें परदेशची मिरची ‘गांवठी मिरची’ म्हणून बाजारांत बसली.

इंग्रजी अंमलांत मात्र हें काम सरकारनें आपल्या हातीं घेतलें. कलकत्त्याजवळचें वनस्पति-उद्यान १७८७ सालीं रॉबर्ट किड यानें काढलें. १८२० सालीं पाद्री विल्यम कॅरी यानें तेथेंच शेती व बागाईत यांसाठीं एक सभा स्थापन केली. पश्चिम हिंदुस्थानांत ही लाट थोडी उशिरा आली. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम यानें १८२८ सालीं पुण्याजवळ दापोडी येथील एका लष्करी अधिकाऱ्याचा बंगला सरकारसाठीं घेतला आणि त्याच्या आवारांत वनस्पति-उद्यान सुरू केलें. उद्यानाचा हेतु शोभेचा नव्हता. कोणतें नवें पीक या हवेंत येईल, कोणती औषधी बाहेरून न आणतां येथेंच पिकवितां येईल, कोणतें इमारती लांकूड वाढवितां येईल, हें पाहून बियाणें व रोपें वांटणें हें त्याचें काम होतें. तेव्हांच्या कंपनी सरकारला महसूल हवा होता, आणि महसूल जमिनींतून येत होता, हेंही विसरतां येणार नाहीं.

१८३८ सालीं या उद्यानाची सूत्रें अलेक्झांडर गिब्सन या स्कॉटिश वैद्याकडे आलीं आणि पुढें बावीस वर्षें तीं त्याच्याकडेच राहिलीं. जुन्नरजवळ हिवरें येथें औषधी वनस्पतींची दुसरी बाग होती, तिचीही देखरेख त्याच्याकडे होती. १८४७ सालीं मुंबई इलाख्याचा पहिला जंगल-अधिकारी म्हणून त्याचीच नेमणूक झाली, आणि तेव्हांपासून उत्तर कोंकणचा व या माळ्यांच्या साहेबाचा निकट संबंध आला. शहापूर-मुरबाडकडचें सागवान कल्याण-भिवंडीच्या खाड्यांकडे उतरत असे आणि तेथून मचव्यांनीं मुंबईस जात असे. डोंगर उघडे पडले कीं ओढे लवकर आटतात आणि खाड्या गाळानें भरतात, हें गिब्सननें कोंकणांत हिंडून पाहिलें व सरकारला कळविलें. बाग आणि डोंगर हे दोन विषय नसून एकच आहेत, ही त्याची दृष्टि त्या काळाच्या मानानें दूरची होती.

दापोडीच्या उद्यानानें आणखी एक ठेवा मागें ठेवला. १८४७ ते १८५० या वर्षांत गिब्सननें एका देशी चित्रकाराकडून तेथील वनस्पतींचीं रंगीत चित्रें काढविलीं. तीं आज स्कॉटलंडमध्यें एडिंबरो येथील शाही वनस्पति-उद्यानांत जतन केलेलीं आहेत. गिब्सनचें नांव त्यांच्याशीं कायमचें जोडलें गेलें. ज्याच्या कुंचल्यानें तीं उतरलीं त्या चित्रकाराचें नांव मात्र कोठेंही लिहिलेलें नाहीं. १८६५ सालीं दापोडीची जागा विकली गेली आणि उद्यान इतिहासजमा झालें.

इकडे मुंबईंत १८३० सालीं पश्चिम हिंदुस्थानची शेती-बागाईत सोसायटी स्थापन झाली. तिची बाग शिवडीस होती. या बागेचा देखरेख्या जॉन ग्रॅहम हा व्यवसायानें टपाल खात्यांतील अधिकारी. त्यानें तयार केलेली मुंबई व आसपासच्या वनस्पतींची यादी १८३९ सालीं प्रसिद्ध झाली, पण ती पुरी छापून होण्यापूर्वींच तो मरण पावला आणि जोसेफ निम्मो यानें ती सिद्धीस नेली. शिवडीची जागा पुढें दफनभूमीसाठीं गेली, आणि सोसायटीचें काम भायखळ्याच्या नव्या बागेंत आलें. ही बाग १९ नोव्हेंबर १८६२ रोजीं लेडी फ्रियर यांच्या हस्तें उघडली. तेव्हांचें तिचें नांव व्हिक्टोरिया गार्डन्स. लोकांच्या तोंडीं राणीचा बाग. आणि आजचें नांव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. या सर्व उद्योगाला ज्या देशी पुढाऱ्यांचें पाठबळ मिळालें, त्यांत डॉ. भाऊ दाजी आणि नाना शंकरशेट हीं नांवें अग्रभागीं आहेत. नाना हे मूळचे मुरबाडचे, म्हणजे ठाणें जिल्ह्याचेच. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदरहून ठाण्यास पहिली आगगाडी आली, तिच्यामागेंही त्यांची खटपट होती. सुमारें वर्षभरानें, १ मे १८५४ रोजीं, ती कल्याणास पोंचली. बागाईतदाराच्या दृष्टीनें आगगाडीचें महत्त्व उद्यानाहून कमी नाहीं. जी भाजी पूर्वीं खाडीच्या भरतीची वाट पाहत मचव्यांत पडून राही, ती आतां कांहीं तासांत मुंबईच्या मंडईंत येऊं लागली.

सल्ल्याचें खरें पुस्तक मात्र पुण्यांत तयार झालें. १८७३ सालीं गणेशखिंड येथें, गव्हर्नरांच्या नव्या निवासस्थानाच्या शेजारीं, दुसरें वनस्पति-उद्यान निघालें. त्याचा कारभार जी. मार्शल वुड्रो याच्याकडे होता. तो पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयांत वनस्पतिशास्त्रही शिकवीत असे. बंगाल व उत्तर हिंदुस्थानासाठीं फर्मिंजर या पाद्र्यानें बागकामाचें एक मोठें इंग्रजी पुस्तक त्यापूर्वींच लिहिलें होतें. वुड्रोनें पश्चिम हिंदुस्थानचा अनुभव जमेस धरून आपलें पुस्तक लिहिलें. त्याच्या आवृत्त्या निघत गेल्या, आणि १९१० सालीं तें उष्ण कटिबंधांतील सर्व देशांसाठीं वाढवून पुन्हां प्रसिद्ध झालें. माती कशी मिसळावी, कुंडीचें भोंक कसें झांकावें, कलम केव्हां बांधावें, बियांची पेटी कोठें ठेवावी, असा घरगुती भाषेंतला तपशील हें या प्रकारच्या पुस्तकांचें वैशिष्ट्य होतें.

वुड्रोचें आंब्यावर विशेष प्रेम होतें आणि गणेशखिंडींत त्यानें निवडक जातींचीं कलमें जमविलीं. १८८९ सालीं त्यानें मलगोबा आंब्याचीं कलमें अमेरिकेच्या शेती खात्याकडे रवाना केलीं. तीं फ्लॉरिडांत एल्ब्रिज गेल या वृद्ध बागाईतदाराकडे लावण्यास दिलीं. १८९४-९५ च्या हिवाळ्यांत तेथें कडाक्याची थंडी पडली आणि त्यांतील एकच झाड पुरतें तगलें. त्याच्या फळाच्या कोयींतून कॅप्टन हेडन यानें वाढविलेल्या एका रोपाला १९१० सालीं फळ आलें, आणि अमेरिकेंतील प्रसिद्ध ‘हेडन’ आंबा जन्मास आला. पुण्याच्या बागेंतील डहाळी अशी पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूस रुजली. त्याच बागेंतील सल्ला बोरघाटाखालीं उतरून कल्याणच्या परसांत कितपत रुजला, हा प्रश्न त्यामुळें अधिकच कुतूहलाचा होतो.

उत्तर असें कीं, तो बराचसा रुजला नाहीं. आणि याचा दोष माळ्यांचाही नव्हता व वुड्रोचाही नव्हता. पुण्यास वर्षाकांठीं सुमारें ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. ठाण्यास त्याच्या साडेतीनपट, म्हणजे सुमारें अडीच हजार मिलिमीटर. पुण्याचा माळी जूनमध्यें विलायती फुलझाडांचें बीं मोकळ्या वाफ्यांत टाकूं शकतो. ठाण्यास तेंच बीं पहिल्या चार दिवसांच्या झोडींत वाहून जातें. पुण्याची मेहनत पाणी जमिनींत धरून ठेवण्याची. ठाण्याची मेहनत पावसाळ्याचे चार महिने पाणी जमिनींतून काढून देण्याची आणि पुढचे आठ महिने तेंच पाणी विहिरींतून काढून घालण्याची. पुण्यास मार्गशीर्ष-पौषांत खरी थंडी पडते. खाडीकांठच्या गांवीं ती जेमतेम येते आणि लवकर जाते, म्हणून कोबी-फ्लॉवरला आणि विलायती फुलांना येथें मुदत थोडी. शिवाय हीं पुस्तकें इंग्रजींत होतीं आणि प्रामुख्यानें बंगल्यांत राहणाऱ्या साहेबासाठीं व त्याच्या मडमेसाठीं लिहिलेलीं होतीं. त्यांत गुलाब व गवताची हिरवळ यांना जी जागा मिळे, ती पडवळाच्या मांडवाला मिळणें शक्य नव्हतें.

सल्ला आणि अनुभव यांचा खरा सामना झाला तो राबाच्या प्रश्नावर. भाताची रोपें ज्या वाफ्यांत करावयाचीं, तो वाफा आधीं गोंवऱ्या, झाडांच्या डहाळ्या, पालापाचोळा व गवत पसरून, वर माती घालून भाजून काढावयाचा, यास राब म्हणतात. ठाणें-कुलाब्याकडच्या भातकऱ्यांचें म्हणणें असें कीं, राबाशिवाय रोप धरत नाहीं. जंगल खात्याचें म्हणणें असें कीं, डहाळ्या तोडण्यानें झाडें खुरटतात आणि जाळण्यानें चांगलें खत फुकट जातें. जंगलाचे निर्बंध कडक झाले तशी रयतेची तक्रार वाढली; अखेर ठाणें व कुलाबा जिल्ह्यांतील या गाऱ्हाण्यांच्या चौकशीसाठीं १८८५ सालीं मुंबई सरकारनें एक कमिशन नेमलें आणि त्याचा अहवाल १८८७ सालीं बाहेर आला. एका वाफ्यांत किती डहाळ्या जाळाव्या, हा बागकामाचा बारीकसा प्रश्न येथें हजारों कुटुंबांच्या पोटाचा प्रश्न झाला होता.

या वादाचा शास्त्रीय निकाल पुढें प्रयोगशाळेंत शोधला गेला. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे डॉ. हॅरोल्ड मॅन यांनीं जोशी व कानिटकर या आपल्या सहकाऱ्यांसह राबाचा अभ्यास केला आणि १९१२ सालीं तो प्रसिद्ध झाला. राबाचा सर्व गुण राखेच्या खतांत नसून, जमीन तापल्यामुळें तिच्यांत जे पालट होतात त्यांचाही त्यांत मोठा वांटा आहे, असें त्यांतून दिसून आलें. कुणब्याला हें कारण सांगतां येत नव्हतें. पण परिणाम त्यानें पिढ्यान्‌पिढ्या डोळ्यांनीं पाहिला होता. जंगलाची काळजी करणारे अधिकारीही चुकीचे नव्हते, कारण डोंगर उघडे पडत होते हें खरेंच होतें. दोन खऱ्या गोष्टी एकमेकींच्या आड आल्या, आणि त्यांची सांगड घालण्यास पाव शतक लागलें. तोंपर्यंत कित्येकांचा राब निर्बंधांत अडकून राहिला.

सुदैवानें या मुलखाकडे शिष्याच्या नम्रतेनें पाहणारेही कांहीं विद्वान् निघाले. मुलकी नोकरींत कोंकणांत राहिलेले ए. के. नेर्न यांनीं १८९४ सालीं पश्चिम हिंदुस्थानच्या सपुष्प वनस्पतींवर सामान्य वाचकास समजेल असें पुस्तक लिहिलें. वसईच्या खाडीवर आगगाडीचा पूल बांधणारे इंजिनीअर थिओडोर कुक पुढें पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्रमुख झाले आणि १९०१ ते १९०८ या काळांत त्यांनीं मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा महाग्रंथ प्रसिद्ध केला. अभ्यासक आजही त्याचा आधार घेतात. मराठी काव्यलेखन करणारे डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर हे सरकारी वैद्यकीय सेवेंतील डॉक्टर. त्यांनीं बामनदास बसू यांच्यासह रचलेला भारतीय औषधी वनस्पतींवरील सचित्र ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १९१८ सालीं प्रसिद्ध झाला.

या सर्व मंथनांतून ठाणें-कल्याणच्या हवेला साजेल असें जें बागेचें पंचांग तयार झालें, त्यांत नक्षत्रांचा अनुभव आणि उद्यानांची पद्धत या दोहोंचाही अंश आहे. तें थोडक्यांत असें सांगतां येईल.

वैशाख व ज्येष्ठ हे तयारीचे महिने. आंबा, चिकू, नारळ अशा झाडांसाठीं खड्डे याच वेळीं खणावे, त्यांस ऊन खाऊं द्यावें आणि पावसापूर्वीं शेणखत व माती यांनीं भरून ठेवावे. झाडांच्या वाळक्या व धोक्याच्या फांद्या वादळापूर्वीं उतराव्या, आणि पाण्याचे पाट मोकळे करावे. पहिल्या सरीनें हुरळून जाऊं नये. जमीन वीतभर खोल ओली झाली म्हणजे वेलींचें बीं लावावें, आणि तें सपाटीवर न लावतां उंचवट्यावर लावावें. जास्वंद, तगर, क्रोटन यांच्या फांद्या या दिवसांत सहज मुळें धरतात. लिंबू व डाळिंब यांस गुटी बांधण्यासही हाच हंगाम.

आंब्याच्या कलमाची कथा थोडी निराळी. वुड्रोच्या काळीं भेटकलम हीच मुख्य रीत होती. रोपाची कुंडी उचलून मूळ झाडाच्या फांदीशीं नेऊन बांधावयाची आणि महिनोन्‌महिने राखावयाची. दापोली येथें १९७२ सालीं कोंकण कृषि विद्यापीठ स्थापन झालें, आणि त्याच्या प्रयत्नांनीं कोयकलमाची सोपी रीत कोंकणभर पसरली. नुकत्याच उगवलेल्या कोयीच्या कोंवळ्या रोपावर पावसाळ्यांतील दमट हवेंत काडी बांधली कीं थोड्या जागेंत शेंकडों कलमें तयार होतात. येथें मात्र कोंकणची जी हवा विलायती फुलांना जाचक, तीच कलमांना पोषक ठरली.

आषाढ-श्रावणांत माळ्यानें हात आवरावा. मुसळधार पावसांत घातलेलें खत झाडाला न मिळतां गटारास मिळतें. कुंड्यांखालच्या थाळ्या काढून घ्याव्या, भोंकें मोकळीं आहेत कीं नाहींत तें पाहावें, आणि सायंकाळीं कंदील घेऊन गोगलगाई वेंचाव्या. दसऱ्यास झेंडू दारांत फुललेला हवा असेल तर त्याचें बीं आषाढ संपण्यापूर्वीं आडोशाच्या पेटींत पडलें पाहिजे. भाद्रपदाच्या उत्तरार्धांत हिवाळी भाज्यांचीं व फुलांचीं रोपें छपराखालीं तयार करावीं, आणि पावसानें पाठ फिरविल्यावरच तीं वाफ्यांत न्यावीं. गुलाबाची छाटणी पुण्यापेक्षां थोडी उशिरा, पाऊस निश्चित थांबल्यावर करावी. म्हणजे दीड-दोन महिन्यांत, ऐन थंडींत, फूल येतें.

कार्तिकापासून माघापर्यंत भाजीचा खरा हंगाम. मेथी, पालक, मुळा, कोथिंबीर, वांगीं, टोमॅटो, नवलकोल हीं येथें निर्धास्त येतात. पौषांत मोगऱ्याचें पाणी तोडावें, त्याची छाटणी करून पानें उतरावीं, आणि मग खत-पाणी द्यावें. त्याचें फळ चैत्रांत ओंजळभर कळ्यांच्या रूपानें मिळतें. फाल्गुनापासून पालापाचोळा जाळूं नये. झाडांच्या बुडाशीं त्याचें आच्छादन करावें. राबाचा वाफा सोडला तर बागेंत पानें जाळण्यास आतां कांहींच सबब उरलेली नाहीं.

हें पंचांग ज्या जमिनीसाठीं होतें, ती जमीन मात्र आतां पुष्कळशी राहिलेली नाहीं. २०११ च्या जनगणनेंत ठाणें शहराची वस्ती १८ लाखांवर आणि कल्याण-डोंबिवलीची १२ लाखांवर गेली होती. खाचरांच्या जागीं इमारती आल्या, परस गेलें आणि त्याची जागा गॅलरींतील कुंडीनें घेतली. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या वेळीं उल्हास नदीचें पाणी कल्याण-बदलापूरच्या वस्त्यांत शिरलें. ओढे आणि खाड्या बुजविल्याचा परिणाम गिब्सननें दीडशें वर्षांपूर्वीं वर्तविला होता त्याच जातीचा होता. ऋतूंची चालही बदलली आहे. भारतीय हवामान खात्यानें २०२० सालीं आपल्या तारखा सुधारल्या. त्यांत मुंबईंत पाऊस सुरू होण्याची सरासरी तारीख १० जूनची ११ जून झाली, पण पाऊस परतण्याची तारीख २९ सप्टेंबरवरून एकदम ८ ऑक्टोबरवर गेली. माळ्याच्या भाषेंत याचा अर्थ असा कीं, हिवाळी रोपें वाफ्यांत नेण्याचा दिवस आठवडाभर पुढें गेला. जुनें पुस्तक उघडून तारखेबरहुकूम चालणाऱ्याचीं रोपें परतीच्या पावसांत सांपडतील. आभाळाकडे पाहणाऱ्याचीं वांचतील.

उद्यानें मात्र पुरतीं बंद पडलीं नाहींत. गणेशखिंडीची बाग आज महात्मा फुले कृषि विद्यापीठाकडे आहे, आणि तेथील जुन्या आंब्यांसह ती २०२० सालीं जैवविविधतेचा वारसा म्हणून घोषित झाली. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्यें शेती-बागाईत सोसायटीचें पुष्पप्रदर्शन दर वर्षीं जानेवारींत भरतें. मुंबई दूरदर्शनच्या ‘आमची माती आमची माणसं’ या कार्यक्रमानें हाच सल्ला मराठींतून घरोघर पोंचविला. ठाण्याच्या किंवा डोंबिवलीच्या मनुष्याला हीं प्रदर्शनें पाहण्यास जावयाचें तर आगगाडीचा एक प्रवास पुरतो.

तेथें गेल्यावर पाट्यांवरील लॅटिन नांवें अवश्य वाचावीं. पण जवळच खुरपें घेऊन बसलेल्या माळ्याशींही चार शब्द बोलावे. दापोडीच्या चित्रकाराप्रमाणें वुड्रोच्या माळ्यांचींही नांवें पुस्तकाच्या मुखपृष्ठावर आलीं नाहींत. वास्तविक कलम बांधणारे हात त्यांचेच होते. यंदा पाऊस केव्हां थांबला, कोणत्या वाफ्यांतील रोपें गेलीं आणि कोणतीं जगलीं, हें त्यांना तारखेनिशीं ठाऊक असतें. घरीं एक वही ठेवून त्यांत पहिली सर, शेवटची सर, पहिली कळी आणि मेलेलें रोप एवढ्या चार गोष्टींची नोंद दर वर्षीं केली, तर पांच-सात वर्षांत ज्याच्या त्याच्या गॅलरीचें स्वतःचें पंचांग तयार होईल.